टोपण लावलेलं पेन

सांगलीच्या स्टेशनात एक गाडी येते, तिच्या डब्यांवर 'गोंदिया' असं लिहिलेलं असतं. ती पाटी मी कित्येक वर्षं वाचत आले आहे. पण त्या गाडीत पार शेवटपर्यंत बसून राहिलेलं माणूस मला कधी भेटलं नव्हतं. आमच्या घरात चष्मा, किल्ली, कात्री असलं काही सापडेनासं झालं की 'गेलं असेल गोंदियाला' म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे मी स्वतःच गोंदियाला निघाले म्हटल्यावर घरात जी करमणूक झाली ती विचारू नका.

जायचं कारण कळल्यावर तर शेजारीपाजारीही हसले. मी शाळेत मराठी शिकवते आणि गॅदरिंगची नाटकं बसवते. माझा जुना विद्यार्थी मिलिंद पोलीस खात्यात अधिकारी झाला आणि त्या वेळी गोंदिया जिल्ह्यात शिपाई-हवालदारांच्या प्रशिक्षणाचं काम बघत होता. त्याचा फोन आला. "बाई, आमच्या लोकांना कवायत येते, कायदा येतो, बंदूक येते. समोरच्याचं ऐकून घेता येत नाही. तालमीत तुम्ही आम्हाला ऐकायला शिकवायचा, तसं यांना शिकवा." आमचे हे म्हणाले, "पोलिसांना नाटक शिकवायला जातेस? त्यांना ते येतंच की!" मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि स्वेटर भरले. ते बरंच झालं, कारण दिवाळीनंतरची तिकडची थंडी आमच्या कृष्णाकाठच्या थंडीसारखी लाजरीबुजरी नाही.

गोंदिया

गाडीतल्या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही. बसले, झोपले, पाठ धरली, पोचले.

स्टेशनाबाहेर रिक्षावाला म्हणाला, "कहाँ जाना है, मॅडम?" मी मराठीत पत्ता सांगितला. तो हिंदीत बोलत राहिला, मी मराठीत, आणि दोघांचंही काही अडलं नाही. गोंदिया शहर असंच आहे. दुकानाची पाटी मराठीत, गल्ल्यावरचा शेठ हिंदीत आणि दारात धानाचं पोतं उतरवणारे दोघे आपापसात छत्तीसगढीत. महाराष्ट्र संपायला आला की तो असा शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळत जातो, हे मला आवडलं.

मिलिंदनं सकाळीच पोहे खाऊ घातले. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओतलेली. सांगलीकर बाईला तिखटाचं काय कौतुक, अशा तोऱ्यात मी पहिला घास घेतला आणि दुसऱ्या घासाला पाणी मागितलं. मिलिंद वर्गात हसायचा तसाच हसला.

तिरोडा

पहिलं शिबिर तिरोड्याला होतं. चहूकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे आमची भातखाचरं, मधून मधून धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे रचलेले आणि त्या सगळ्याच्या मागे वीज केंद्राच्या उंच चिमण्या. चार-पाच ठाण्यांतले पोलीस एका सभागृहात जमले होते. मी गोल करून बसायला सांगितलं. ते गोल बसले, पण त्या गोलातही हुद्द्याप्रमाणेच बसले. कुठूनही पाहिलं तरी गोलाला पहिला नंबर आणि शेवटचा नंबर होताच.

मग मी एका हवालदाराला म्हटलं, तुम्ही शेतकरी. तुमचा बैल हरवलाय. ठाण्यात या आणि तक्रार सांगा. तो बाहेर गेला, आत आला, टाचा जुळवून उभा राहिला आणि छाती पुढे काढून म्हणाला, "सदर बैल हा काल सायंकाळी अंदाजे सहा वाजताच्या सुमारास गोठ्यातून दिसून आला नाही." मी हसू दाबलं. या पृथ्वीच्या पाठीवर कुणा शेतकऱ्यानं आपल्या बैलाला 'सदर' म्हटलं नसेल. पुढचा आला, त्यानंही टाचा जुळवल्या. तिसऱ्यानं तर समोर फौजदार बसलेला पाहून आधी सलाम ठोकला आणि मग घरात चोरी झाल्याचं सांगितलं. सोंग फिर्यादीचं, आणि आत पोलीस कडक इस्त्रीत उभा.

दुपारपर्यंत एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. टेबलामागचा पोलीस पेन उघडायचा, त्या क्षणापासून समोरचा माणूस त्याच्या तोंडाकडे बघायचा बंद व्हायचा. नजर पेनावर. पेन चालेल तेवढंच बोलायचं आणि पेन थांबलं की गप्प. म्हणून मी एक नियम घातला. आलेल्या माणसाचं एकदा सगळं सांगून होईपर्यंत पेनाला टोपण. हातात धरा, खिशात ठेवा, पण टोपण काढायचं नाही. मधे विचारायचं झालं तर एकच शब्द, "मग?"

"मॅडम," मागून खणखणीत आवाज आला, "आमच्याकडे लोक रांगेत उभे राहतात. पेन नाही चाललं तर काम कधी होईल?"

हे बिसेन साहेब. नवेगाव बांधच्या बाजूच्या एका ठाण्याचे ठाणेदार. त्या ठाण्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. गृहस्थ उंचापुरा, शेतकऱ्याच्या घरातला, बोलणं कुऱ्हाडीच्या घावासारखं. "अन नाटकानं चोर सापडून राहिले असते तर आम्ही तमाशाचे फडच ठेवले असते," त्यांनी पुढे जोडलं. सगळे हसले. मीही हसले, कारण रांगेबद्दलचं त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

चहा घेऊन आली ती त्यांच्याच ठाण्यातली शिपाई, वंदना रामटेके. गणवेश चापूनचोपून, केसांचा घट्ट अंबाडा आणि हातात ट्रे. मी तिला म्हटलं, तू का नाही बसलीस गोलात?

"मी पोलीसच आहे, मॅडम. पन चाहाचं मलेच सांगतात." तिनं हे चिडून नाही, हवामान सांगावं तसं सांगितलं.

मी ट्रे काढून घेतला आणि तिला बसवलं. मग हळूहळू कळलं ते असं. सुट्टीला ही गावी गेली की अंगणात बायाबापड्यांची रीघ लागते. कुणाचा नवरा मारतो, कुणाचं शेत शेजाऱ्यानं दाबलंय. 'पोरगी पोलीस हाये' म्हणून घरी येऊन सगळं सांगतात आणि ठाण्यात जा म्हटलं की पदर तोंडाला लावतात. ठाण्यात तक्रार घ्यायला एक टेबल असतं. त्यावर बसणाऱ्याला ठाणे अंमलदार म्हणतात. वंदनाला ते टेबल हवं होतं. अनेकदा मागितलं होतं. बिसेन साहेबांचं उत्तर ठरलेलं, "तू घाबरते. समोर मानूस आला की तुझी गाडी सुटते."

आणि ते खरंही होतं. तिला टेबलामागे बसवलं तर समोरच्यानं तोंड उघडायच्या आतच, "नाव? गाव? वय? धंदा?" प्रश्नांची अशी बरसात की माणूस भिजून चिंब. प्रशिक्षण केंद्रात घोटून घेतलेला क्रम तिच्या जिभेवर बसला होता.

संध्याकाळी मिलिंदनं बिसेन साहेबांना गळ घातली. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. शेवटच्या दिवशी माझ्या ठाण्यात, माझ्यासमोर करून दाखवू द्या. जमलं तर टेबल हिचं. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही." वंदनानं "हो, सर" म्हटलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

नवेगाव बांध

मधला एक दिवस सुट्टीचा होता. मिलिंदनं मला नवेगाव बांधचा तलाव दाखवायला नेलं. डोंगरांच्या कुशीत पाणी असं पसरलंय की पलीकडचा काठ हा काठ आहे की ढग, ते कळत नाही. आमच्याकडे नदी असते. तिला कुठेतरी जायचं असतं. हे पाणी निवांत बसलेलं. काठावर कोळी जाळी सुकवत होते आणि लांब पाण्यात पांढऱ्या पक्ष्यांची पंगत बसली होती. मी जवळून बघायला पुढे सरसावले आणि घोट्यापर्यंत चिखलात गेले. पाय निघाला, चप्पल राहिली. दुसरी काढायला वाकले तर तीही गेली. मिलिंद म्हणाला, "जाऊ द्या बाई, तलावाला नजराणा." गाडीच्या मागच्या बाजूला कुणा शिपायाच्या निळ्या रबरी चपला पडल्या होत्या, माझ्या पावलाच्या दीडपट. पुढचे सगळे दिवस मी त्यांच्यातच फटक-फटक करत पोलीस खात्याला शिकवलं. त्या चपला अजून माझ्या मोरीत आहेत.

दुपारी जेवायला वंदनाच्या घरी. तीही रजेवर आली होती. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, अंगण शेणानं सारवलेलं, ओसरीत धानाची पोती. तिच्या आईनं ताटात भाताचा असा डोंगर वाढला की पलीकडे बसलेला मिलिंद मला दिसेना. तलावातले मासे, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. मी सवयीनं विचारलं, भाकरी आहे का अर्धी?

आई काळजीनं माझ्याकडे बघत राहिली. "भाकर? काऊन जी, तब्येत बरी नाई काय?"

मी भातच खाल्ला, पुन्हा घेतला आणि इतका चांगला भात मी आयुष्यात खाल्ला नव्हता हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. तांदळाला स्वतःची चव असते आणि त्याला आमटीच्या आधाराची गरज नसते, हे सांगलीत कुणाला सांगू?

जेवणानंतर मी म्हटलं, चला तालीम. आई फिर्यादी, वंदना अंमलदार. आईनं पदर सावरला आणि खरंच सुरुवात केली, "सांगू का, ते शेजारची सगुना, तिच्या कोंबड्या..."

"वय?" वंदना म्हणाली.

आईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "मीच तुले जन्म देल्ला, अन मलेच वय पुसून राहिली?"

आम्ही पोट धरून हसलो. वंदना मात्र हसता हसता रडायला लागली. "मॅडम, मले नाई जमत. समोरचा थांबला की मले भेव वाट्टे. वाट्टे, मी काई केलं नाई तं साहेब म्हनतील हिले काईच येत नाई."

मला ते पुरतं समजलं. रंगमंचावरची शांतता नव्या नटाला अशीच खायला उठते. मी तिला एवढंच सांगितलं, "तो थांबला म्हणजे संपला नाही. तो पुढचं शोधतोय. तू पेनाला टोपण लाव, मुठीत घट्ट धर आणि त्याला शोधू दे." मग तिनं आईला पुन्हा समोर बसवलं. सगुणाच्या कोंबड्यांपासून सुरू झालेली गोष्ट शेवटी पोचली दोन घरांमधल्या पाण्याच्या वाटेवर. खरं भांडण तेच होतं आणि ते वंदनालाही ठाऊक नव्हतं.

ठाण्यात

शेवटचा दिवस. ठाण्याच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. गावातल्या काही मंडळींना मिलिंदनं आधीच निरोप धाडून ठेवला होता की तक्रार घेऊन आल्याचं सोंग करायचं. कोण काय घेऊन येणार हे पोलिसांना, खुद्द मिलिंदलाही ठाऊक नव्हतं. बिसेन साहेब हाताची घडी घालून मधोमध बसले. मी कडेला, निळ्या चपलांत.

दोन हवालदारांचं झालं. बरं झालं. मग वंदना टेबलामागे जाऊन बसली. पेन मुठीत इतकं घट्ट की बोटं पांढरी.

दारातून एक म्हातारी आली. काष्टा घातलेली, अंगावर जुनी शाल. आत येऊन ती सरळ जमिनीवर बसली. वंदना उठली, तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि पाण्याचा गिलास दिला. "सांगा मावशी, काय झालं?"

म्हातारी बोलेना. पाणी प्याली. शालीचा पदर बोटाभोवती गुंडाळत राहिली. बिसेन साहेबांनी घड्याळात पाहिलं. वंदनाचे ओठ हलले, मला वाटलं आता 'वय' येणार. पण ती नुसती थांबली.

"परवा मासोळी केल्ती," म्हातारी एकदम म्हणाली. "त्याले आवडते म्हनून. तं खाल्लीच नाई."

"मग?"

मग ती बोलत सुटली. माझा बुढा, माझा नवरा. पूर्वी पहाडासारखं काम करायचा, आता विसरून विसरून राहतो. मलाच कधी कधी आई म्हणतो. परवा ताटावरून उठला. म्हणाला, दवनीवाड्याला बहिणीकडे धान चुरायचं, मळायचं पडलंय, मले जावं लागते. मी म्हटलं, येडा झाला काय, मुकाट्यानं जेव. तो रुसला. सकाळी उठून पाहते तर अंथरूण रिकामं. कोपऱ्यातली काठी नाही. धान बांधायचं दावंही नाही.

मधेच ती थांबायची, भिंतीकडे बघायची. वंदना तिच्याबरोबर थांबायची. मी मनातल्या मनात म्हातारीला शंभरपैकी शंभर देऊन टाकले. इतकी वर्षं नाटकं बसवतेय, पण दावं नाहीसं झाल्याचं इतकं साधेपणानं सांगणारी नटी मला मिळाली नव्हती. माझे डोळे भरून आले.

सगळं सांगून झाल्यावर वंदनानं टोपण काढलं, नाव-गाव विचारलं, लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. म्हातारीनं मान हलवली. आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिलिंदनं वाजवल्या, हवालदारांनी वाजवल्या, चक्क बिसेन साहेबांनीही.

म्हातारी आळीपाळीनं सगळ्यांकडे बघायला लागली.

"टाळ्या कायले पिटून राहिले जी? माहा बुढा हरवला!"

टाळ्या एकदम बंद पडल्या. तेवढ्यात दारातून एका बाईनं डोकं आत घातलं. ती मिलिंदनं बोलावलेली. "साहेब, माहा नंबर कवा येईल? मी कवाची उभी हाव."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या व्हरांड्यात कळलं. सगळ्यात आधी सावरली ती वंदना. "सर, दवनीवाडा," ती उभी राहून म्हणाली. "मावशी म्हनल्या ना, बहिणीचं गाव दवनीवाडा."

"बहीन तं मरून कितीक वर्सं झाली," म्हातारी म्हणाली. "तिथं कायले जाईल तो?"

"मेली हे तुमाले माहीत हाये, मावशी. ते विसरले असतील."

बिसेन साहेबांनी पुढचा शब्दही न बोलता फोन उचलला. नाटकाबद्दल ते काय म्हणाले होते ते मी विसरले नव्हते, पण त्या माणसाला काम करताना बघणं ही वेगळी गोष्ट. दवनीवाड्याला फोन, गोंदिया स्टेशनला फोन, आवाज चढलेला आणि एका हातानं म्हातारीला चहा द्यायची खूण. चहा आणायला या वेळी एक हवालदार धावला.

दुपार कलायच्या आत फोन आला. बुढा सापडला होता. बहिणीच्या मुलांच्या अंगणात, धानाच्या पुंजण्याला टेकून, दावं मांडीवर घेऊन बसला होता. भाच्यांना वाटलं, मामा हौसेनं आलाय. 'घरी सांगून आलो' असं त्यानंच सांगितलं होतं. पोरांनी त्याला जेवू घातलं, रात्री पांघरूण दिलं. माणूस हरवलाय हे फक्त इकडच्या टोकाला ठाऊक होतं. आमच्या घरची 'गेलं असेल गोंदियाला' ही थट्टा मला आठवली आणि मी एकटीच हसले. मला फार, फार बरं वाटलं.

दिवस मावळता मावळता एक भाचा त्याला घेऊन आला. म्हातारीनं बुढ्याला आधी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग सगळ्यांदेखत असं झापलं की हवालदारही चार पावलं मागे सरले. बुढा शांतपणे म्हणाला, "धान चुरून झालं. चाल घरी." तिनं त्याच्या हातातलं दावं काढून आपल्या कमरेला खोचलं.

बिसेन साहेब खुशीत होते. वंदनाकडे बघून म्हणाले, "जमलं तुले." मग म्हातारीला म्हणाले, "आता झालं ना समाधान, बाई?"

म्हातारी पायरीवर थांबली. "साहेब, काल बी आली होती मी. या टेबलावरच्या मानसानं नाव पुसलं, वय पुसलं, बुढ्याची उंची पुसली. मले उंची नाई सांगता आली. तं म्हने, कोनी शिकलेला घेऊन उद्या ये." ती हे तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हती. "आज तुमचं नाटक होतं, म्हनून आयकलं तुमी. उद्या नाटक नसन, तवा कोनी आलं तं?"

कालच्या टेबलावरचा हवालदार, संध्याकाळच्या पाळीला नुकताच आलेला, आपल्या बुटांकडे बघत होता. बिसेन साहेबांच्या चेहऱ्यावरची खुशी गेली आणि मला वाटलं, आता हा माणूस भडकणार.

ते भडकले नाहीत. "उद्यापासून ही पोरगी बसन इथं," ते म्हणाले.

"अन हिची सुट्टी असली तं?"

साहेबांनी टेबलावर उघडं पडलेलं पेन उचललं. टोपण शोधलं, ते खाली पडलं होतं, वाकून घेतलं आणि पेनाला लावलं.

"तं मी बसन."

म्हातारी हसली नाही की तिनं हात जोडले नाहीत. "पाहीन," ती म्हणाली आणि बुढ्याचा हात धरून पायऱ्या उतरली.